विश्लेषण : आखूड, जाड सिगार खरेच ‘छोटा’ असतो का?

लांबी कमी म्हणजे तंबाखू कमी आणि तंबाखू कमी म्हणजे त्रास कमी, असा हिशेब करून सिगारच्या दुकानातला नवखा ग्राहक बहुधा आखूड, जाड आकाराकडे बोट दाखवतो. परदेशातून येणारे नातेवाईकही भेट म्हणून हेच आकार आणतात, कारण खोके लहान असते आणि ‘अर्ध्या तासाचा प्रश्न’ वाटतो. शॉर्ट, पेटिट, हाफ ही नावे या समजुतीला खतपाणीच घालतात. प्रत्यक्षात सिगारमध्ये तंबाखू किती आहे, हे लांबीपेक्षा जाडी जास्त ठरवते. तो कसा जळतो, चव कशी लागते आणि शरीरात निकोटिन किती जाते, हेही बऱ्याच अंशी जाडीवर अवलंबून असते.

सिगारचे माप कसे सांगतात?

दोन आकड्यांत. पहिला लांबीचा, इंचात किंवा मिलिमीटरमध्ये. दुसरा जाडीचा, त्याला ‘रिंग गेज’ म्हणतात. एक रिंग म्हणजे एका इंचाचा ६४वा भाग. म्हणजे ६४ रिंगचा सिगार बरोबर एक इंच व्यासाचा. ५० रिंगचा व्यास भरतो १९.८ मिलिमीटर. खिशात २०१९ नंतरचे एक रुपयाचे नाणे असेल तर काढून पाहा; ते २० मिलिमीटरचे आहे. ६० रिंगचा सिगार त्याच मालिकेतल्या दोन रुपयांच्या नाण्याहूनही किंचित जाड असतो.

क्युबात या आकारांना ‘विटोला’ म्हणतात आणि प्रत्येक आकाराला दोन नावे असतात. एक कारखान्यातले, दुसरे बाजारातले. कारखान्याच्या भाषेत ‘रोबस्टो’ म्हणजे १२४ मिलिमीटर लांब आणि ५० रिंग जाड. हाच आकार पार्टागासच्या खोक्यात ‘सेरी डी नंबर ४’ होतो, ओयो दे मोंतेरेच्या खोक्यात ‘एपिक्योर नंबर २’ आणि रोमिओ वाय ज्युलिएटाच्या खोक्यात ‘शॉर्ट चर्चिल’. तिन्हींचे मिश्रण वेगळे, माप एकच. त्यामुळे खोक्यावरच्या नावावरून आकाराचा अंदाज बांधणे धोक्याचे.

हा आकार आला कुठून?

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सिगार म्हटले की विन्स्टन चर्चिल येतात, फिडेल कॅस्ट्रो येतात, नाहीतर बाळासाहेब ठाकरे. चर्चिल यांच्या नावाने ओळखला जाणारा आकार १७८ मिलिमीटर लांब आणि ४७ रिंगचा. कॅस्ट्रो यांच्या नावाशी जोडला गेलेला कोहिबाचा ‘लान्सेरो’ त्याहून लांब, १९२ मिलिमीटर, पण अवघा ३८ रिंगचा. कॅस्ट्रो यांनी १९८५ मध्ये सिगार सोडले. त्या काळापर्यंत रुबाबदार सिगार म्हणजे लांब सिगार, असेच समीकरण होते.

आखूड, जाड आकार तेव्हाही होता. ‘रॉथ्सचाइल्ड’ हे त्याचे जुने नाव. लंडनच्या बँकर घराण्यातल्या लिओपोल्ड डी रॉथ्सचाइल्ड यांना लांब सिगार संपवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी हा आकार बनवून घेतला, अशी गोष्ट या व्यापारात सांगितली जाते. व्यापारातल्या गोष्टी जितक्या खऱ्या असतात तितकीच ती खरी धरावी. नक्की सांगता येते ते इतके की, १९८९ मध्ये कोहिबाने आपल्या मालिकेत रोबस्टो आणला आणि १९९० च्या दशकात अमेरिकेत सिगारची लाट आली, तेव्हा हा आकार सर्वांच्या हाती दिसू लागला.

पुढचे काम धूम्रपानबंदीने केले. न्यू यॉर्क शहरात २००३ मध्ये बार आणि रेस्तराँमधला धूर बंद झाला, इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून. रात्रीच्या जेवणानंतर खुर्चीत रेलून दोन तास सिगार ओढण्याची सोय गेली. उरले ते दाराबाहेर, थंडीत उभे राहणे. कंपन्यांनी आपली मापे त्याप्रमाणे कापली. ओयो दे मोंतेरेचा ‘पेटिट रोबस्टो’ १०२ मिलिमीटरचा, माँटेक्रिस्टोचा ‘पेटिट एडमुंडो’ ११० मिलिमीटरचा, एच. उपमनचा ‘हाफ कोरोना’ ९० मिलिमीटरचा आणि पार्टागासचा ‘सेरी डी नंबर ६’ही तेवढाच. लांबी घटत गेली, पण एक हाफ कोरोना सोडला तर जाडी ५० च्या खाली आली नाही. उलट २०१० मध्ये आलेल्या कोहिबा बेहिकेच्या तीन आकारांची जाडी ५२, ५४ आणि ५६ होती. याच काळात क्युबाच्या यादीतून अनेक बारीक आकार गळाले.

मग तंबाखू किती?

यासाठी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरे. जाडीचा वर्ग करायचा आणि त्याला लांबीने गुणायचे. येणारा आकडा एककात नसतो, पण दोन सिगारची तुलना करायला चालतो. जाडी दुप्पट झाली की तंबाखू चौपट होते. लांबी दुप्पट झाली तर फक्त दुप्पट. सगळी मेख इथेच आहे.

लान्सेरो घ्या : ३८ गुणिले ३८ गुणिले १९२, म्हणजे सुमारे २ लाख ७७ हजार. रोबस्टो : ५० गुणिले ५० गुणिले १२४, म्हणजे ३ लाख १० हजार. रोबस्टो लान्सेरोपेक्षा जवळजवळ सात सेंटीमीटरने आखूड आहे आणि तरीही त्यात सुमारे १२ टक्के जास्त तंबाखू मावते.

आता नावांची परीक्षा घेऊ. पारंपरिक ‘कोरोना’ १४२ मिलिमीटर लांब, ४२ रिंगचा असतो. आकडा २ लाख ५० हजार. ‘हाफ कोरोना’ ९० मिलिमीटरचा पण ४४ रिंगचा. आकडा १ लाख ७४ हजार. म्हणजे नावात अर्धा, प्रत्यक्षात सुमारे ७० टक्के. ‘शॉर्ट चर्चिल’ मूळ चर्चिलच्या सुमारे ७९ टक्के. १०२ मिलिमीटरचा पेटिट रोबस्टो तर आख्ख्या कोरोनाला किंचित मागे टाकतो. ‘पेटिट’ या शब्दाचा अर्थ चिमुकला, हे लक्षात घेतले तर नाव ठेवणाऱ्याच्या धिटाईचे कौतुकच करायला हवे.

या गणितात एक गृहीतक आहे : भरणी सारखीच घट्ट आहे. हाताने वळलेल्या सिगारमध्ये ती थोडीफार कमी-जास्त होतेच. पण त्या फरकाने वरचे चित्र उलटत नाही.

जाडीमुळे चव कशी बदलते?

सिगारचे तीन थर असतात. आत लांब पानांची भरणी, तिला बांधून ठेवणारे बाइंडरचे पान आणि सगळ्यात वर देखणे, गुळगुळीत रॅपर. जाडी वाढते तशी आतली भरणी वर्गाच्या पटीत वाढते, पण वरचे पान फक्त परिघाच्या प्रमाणात. त्यामुळे बारीक सिगारमध्ये रॅपरचा वाटा मोठा असतो. लान्सेरोत तो रोबस्टोच्या तुलनेत, प्रमाणाने, सुमारे एक तृतीयांश जास्त भरतो. बारीक सिगार ओढणाऱ्याला प्रामुख्याने रॅपरची चव मिळते, जाड सिगार ओढणाऱ्याला भरणीची. एकाच कंपनीचे, एकाच मिश्रणाचे दोन आकार वेगळे लागतात ते यामुळे.

भरणीत तरी काय असते? तंबाखूच्या झाडाच्या खालच्या भागातले पान हलके आणि चटकन पेटणारे, त्याला ‘व्होलाडो’ म्हणतात. मधले ‘सेको’, सुवासासाठी. वरच्या भागातले ‘लिगेरो’, ज्याला सूर्यप्रकाश सर्वांत जास्त मिळतो. ते जाड, तेलकट, कडक आणि सावकाश जळणारे. लिगेरो मधोमध ठेवतात, कडेला ठेवले तर सिगार वाकडा जळतो. बारीक सिगारच्या पोटात या पानाला जागाच कमी. जाड सिगारमध्ये मिश्रण करणाऱ्याला हात सैल सोडता येतो : पानांचे प्रकार जास्त, लिगेरोही जास्त. नावाजलेले आखूड, जाड सिगार बरेचदा कडक निघतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरा परिणाम निखाऱ्यावर. झुरका तेवढाच घेतला तरी बारीक सिगारमध्ये ती हवा अरुंद वाटेने जाते, म्हणून वेगाने जाते. भात्याने फुंकलेल्या कोळशासारखा निखारा तापतो. ५० रिंगच्या सिगारचा छेद ३८ रिंगच्या छेदाच्या पावणेदोन पट आहे, तेव्हा तोच झुरका तिथे रुंद वाटेने, संथपणे येतो. धूर भरपूर, ओढ सैल आणि निखारा तुलनेने थंड. सिगार मिलिमीटर-मिलिमीटरने हळू पुढे सरकतो. त्यामुळेच १२४ मिलिमीटरचा रोबस्टो सावकाश ओढला तर पाऊण ते एक तास चालतो. पेटिट रोबस्टो अर्धा-पाऊण तास, हाफ कोरोना वीस मिनिटे ते अर्धा तास. ‘पाच मिनिटांत उरकू’ म्हणून पेटवण्याचा हा प्रकारच नव्हे.

पण आखूडपणाची किंमत मोजावी लागते

सिगारला वेगळे फिल्टर नसते. अजून न जळलेली तंबाखू हेच त्याचे फिल्टर. निखाऱ्यापासून ओठांपर्यंत येताना धूर निवतो, त्यातली वाफ आणि डांबरासारखा चिकट अंश वाटेत पानांवर बसतो. सिगार जळत जातो तशी ही वाट आखूड होते आणि आधी पानांवर बसलेले सगळे पुन्हा तापून धुरात येते. शेवटचा तिसरा भाग तिखट, गरम, कडवट लागतो तो यामुळे. लांब सिगारमध्ये ही अवस्था येईपर्यंत तासभर गेलेला असतो. १०२ मिलिमीटरच्या सिगारमध्ये सुरुवातच जवळून होते. पहिल्या झुरक्यापासून चव भरदार असते आणि मध्य कधी सरला हे कळण्याआधी शेवट येतो. लांब सिगारमध्ये जो चढ-उतार शौकीन शोधतात, तो इथे फार थोडा.

एक हिशेब दुकानदार सहसा सांगत नाही. शेवटचे साधारण साडेतीन सेंटीमीटर टाकून द्यायचे असे धरले, तर चर्चिलचा २० टक्के भाग वाया जातो. रोबस्टोचा २८, पेटिट रोबस्टोचा ३४ आणि हाफ कोरोनाचा ३९ टक्के. वळणाऱ्याची मेहनत दोन्हींकडे जवळपास तेवढीच, म्हणून किंमतही लांबीच्या प्रमाणात उतरत नाही. आखूड सिगार स्वस्त पडतो, पण ओढल्या जाणाऱ्या दर सेंटीमीटरला तो स्वस्त असतोच असे नाही.

या दिशेचे टोक म्हणजे ‘नब’. निकाराग्वातल्या ओलिवा कंपनीने २००८ मध्ये आणलेला हा सिगार चार इंच लांब आणि त्याच्या एका गाजलेल्या आकारात ६० रिंग जाड. दिसायला थेट बुटका बुचासारखा. कल्पना अशी की, लांब सिगारमधला सर्वांत चवदार टप्पा यायला वाट पाहावी लागते, तर तेवढाच टप्पा कापून का देऊ नये? कल्पना चतुर आहे. मात्र वरच्या रीतीने आकडा काढला तर तो येतो ३ लाख ६५ हजारांच्या घरात. सात इंची चर्चिलचा आकडा ३ लाख ९३ हजार. चार इंचांत जवळपास चर्चिल कोंबला आहे, हे खोके पाहून कुणाच्या ध्यानी यावे?

ओढताना नवख्यांचे कुठे चुकते?

बहुतेकांचे घाईत. जाड सिगारचे तोंड रुंद, त्यामुळे ते कडेकडेने फिरवत, ज्योतीपासून जरा दूर धरून पेटवावे लागते. मध्यभाग पेटला आणि कड राहिली, की आतून बोगदा पोखरल्यासारखे जळत जाते. एक बाजूच पेटली तर होडीसारखा आकार होतो. दोन्हींत चव बिघडते. टोपीकडून कापताना फक्त वरचा पातळ पापुद्रा उडवायचा. जाड सिगार आहे म्हणून खोलवर कापला तर रॅपर उलगडू लागतो. ६० रिंगच्या सिगारला साध्या कटरचे भोक पुरतही नाही.

झुरका मिनिटाला एक, त्याहून लवकर नको, हा जुना दंडक आहे. आखूड सिगारला तो जास्त लागू होतो, कारण धूर निवायला अंतरच नाही. लोक नेमके उलटे करतात : लहान दिसतो म्हणून भराभर ओढतात. मग पंधराव्या मिनिटाला घाम फुटतो, चेहरा पांढराफटक पडतो, पोटात ढवळते. आपल्याकडे याला ‘तंबाखू लागली’ म्हणतात आणि तो शब्द अगदी योग्य आहे. ते निकोटिनच असते.

धूर आत घेतलाच नाही, तरी?

सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडात खेळवून सोडतात. म्हणून तो निरुपद्रवी, असे मानणारे पुष्कळ आहेत. इथे आपल्या घरातलेच उदाहरण कामी येते. तंबाखू मळताना चुना का लावतात? चुन्याने ती अल्कधर्मी होते आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून सहज रक्तात उतरते. सिगारची तंबाखू हवेत वाळवलेली आणि आंबवलेली असते, तिचा धूर चुन्याशिवायच अल्कधर्मी असतो. सिगारेटचा धूर तुलनेने आम्लधर्मी, म्हणून तो छातीत ओढावा लागतो. सिगारला त्याची गरजच नाही, तोंड पुरते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या माहितीनुसार एका सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी तंबाखू असते, तर काही मोठ्या सिगारमध्ये आख्ख्या पाकिटाएवढी. सिगार ओढणाऱ्यांना तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हेही ही संस्था सांगते. ‘मोठा’ हा शब्द इथे लांबीचा नाही, तंबाखूच्या वजनाचा आहे. हाताने वळलेल्या रोबस्टोत दहा ग्रॅमहून अधिक तंबाखू सहज असते. तेव्हा सिगारेट सोडून ‘कधीतरी एखादा छोटा सिगार’ अशी तडजोड करणाऱ्याने लांबी नव्हे, जाडी पाहावी. शेजारी बसलेल्याचेही तेच. तासभर धुमसणाऱ्या जाड सिगारचा धूर खोलीत सिगारेटपेक्षा कितीतरी जास्त वेळ साठत राहतो.

भारतातले नियम आकार पाहतात का?

नाही. खरे तर जाड, बोथट टोकांचा धूम्रकांडा आपल्याकडे नवा नाही. ‘चिरूट’ हा मराठी शब्द आणि इंग्रजीतला ‘शरूट’ दोन्ही तमिळ ‘सुरुट्टु’ या शब्दाकडे, म्हणजे ‘वळलेले’ या अर्थाकडे जातात. तिरुचिरापल्लीचे चिरूट व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडमध्ये इतके परिचित होते की, १८८७ च्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स त्यांची राख ओळखतो.

कायदा मात्र सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याखाली १८ वर्षांखालील व्यक्तीला विक्री आणि कोणत्याही तंबाखूची जाहिरात करायला मनाई आहे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत, आणि एप्रिल २०१६ पासून वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर चित्रमय इशारा सक्तीचा झाला. सिगारचे खोके त्याला अपवाद नाही.

विमानतळावरचा हिशेब तर पाहण्यासारखा आहे. २०१६ च्या बॅगेज नियमांत प्रवाशाला शुल्काविना आणता येणारी तंबाखू अशी ठरवली गेली : १०० सिगारेट, किंवा २५ सिगार, किंवा १२५ ग्रॅम तंबाखू. भागाकार केला तर नियमाच्या लेखी एक सिगार म्हणजे पाच ग्रॅम तंबाखू, अर्थात चार सिगारेट. एकट्या रोबस्टोत त्याच्या दुपटीहून जास्त भरते. आणि नियम नग मोजतो, जाडी नाही. २५ हाफ कोरोना आणि २५ चर्चिल यांच्यात तंबाखूचा फरक सव्वादोन पटींचा आहे. तपासणीच्या टेबलावर दोन्ही खोकी सारखीच.